दोन कलमांचा धनी

आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, पाऊस उघडून आकाश निवळले म्हणजे, हैदराबादच्या द्राक्षमळ्यांतून वेलींच्या छाटणीला आरंभ होत असे. आमच्या विद्यानगरातही ज्या घरांच्या परसात मांडवावर एखादी वेल चढविलेली असते, तेथे त्या दिवसांत छाटलेल्या काड्यांचा ढीग पडतो. बहुतेक काड्या केरात जातात. परंतु एखादा जाणता गृहस्थ त्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व, तीन-चार डोळे असलेल्या काड्या निवडतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतो. महिन्याभराने त्या शुष्क दिसणाऱ्या काडीला हिरवा कोंब फुटतो, आणि एका घरची वेल दुसऱ्या घरची होते.

या काडीला आपण छाट कलम म्हणतो. ज्याने आपण लिहितो त्यालाही कलमच म्हणतो. आपल्या भाषेने हा शब्द घेतला फारसीच्या परंपरेतून. आणि तेथेही बोरूची लेखणी व झाडाची लावणी यांचे नाते या एका शब्दात सांभाळलेले आहे. दोन्ही कामांत चाकूने एक तिरपा छेद घ्यावा लागतो, आणि दोन्ही कामांत जे एका ठिकाणी आहे ते दुसऱ्या ठिकाणी जिवंत करावयाचे असते. ही दोन्ही कलमे ज्याच्या हाती सारख्याच हौसेने वावरली, असा एक पुरुष इतिहासात होऊन गेला. तलवारीमुळे तो प्रसिद्ध आहे. परंतु आज आम्ही त्याची गोष्ट सांगणार आहोत ती या दोन कलमांच्या आधाराने. तो पुरुष म्हणजे दिल्लीच्या मोगल राजवंशाचा संस्थापक जहीरुद्दीन महंमद बाबर. त्याचा आमच्या शहराशी काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. तो संबंध आहे, आणि लेखाच्या अखेरीस आम्ही तो सांगणार आहोत.

बाबराचा जन्म 14 फेब्रुवारी 1483 रोजी मध्य आशियातील फरगाना प्रांतात, अंदिजान या गावी झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. पश्चिमेखेरीज सर्व बाजूंनी पर्वत आणि मध्ये पाण्याने समृद्ध असे खोरे. अशी ही भूमी फळफळावळीसाठी विख्यात होती. बाबराने पुढे आपले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा एकेका गावाचे वर्णन करताना तेथील किल्ल्याबरोबर तेथील फळांचीही नोंद केली. अंदिजानची द्राक्षे आणि खरबुजे, मर्गिनानची डाळिंबे व जर्दाळू, खोजंदची डाळिंबे, समरकंदची सफरचंदे. ही यादी देताना त्याची लेखणी लहान मुलासारखी रमते. ज्याला आपल्या गावच्या फळाची चव आठवते, त्याला आपले गाव आठवते. बाबराच्या बाबतीत तर पुढे गाव गेले आणि आठवणच तेवढी राहिली.

त्याचा पिता उमरशेख मिर्झा 1494 साली मरण पावला. अख्सीच्या किल्ल्यात दरीच्या कड्यावर कबुतरखाना होता. तो ढासळला आणि त्याबरोबर उमरशेखही खाली कोसळला. बाबर त्या वेळी अवघा अकरा वर्षांचा होता. आमच्या शाळेत जे विद्यार्थी सहावीच्या वर्गात बसतात, त्यांच्या वयाचा हा मुलगा गादीवर बसला, आणि सभोवारचे चुलते, मामे आणि सरदार ती गादी ओढून घेण्यास टपून राहिले.

बाबराचे मन मात्र समरकंदवर जडलेले होते. त्याचा पूर्वज तैमूर याने ते नगर आपली राजधानी केले होते आणि त्याच्या सभोवार मोठमोठ्या बागा निर्माण केल्या होत्या. 1497 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बाबराने समरकंद जिंकले. तेथे तो जेमतेम शंभर दिवस राहिला. इतक्यात मागे फरगान्यात बंड झाले. ते निस्तरण्यास तो निघाला, आणि हे ना ते अशी त्याची अवस्था झाली. 1500 साली सुमारे अडीचशे माणसांनिशी त्याने रात्रीच्या वेळी समरकंद पुन्हा घेतले. दुसऱ्याच वर्षी उझबेगांचा नायक शैबानीखान याने ते हिरावून घेतले. त्यानंतरची काही वर्षे तो डोंगरदऱ्यांतून थोड्या अनुयायांसह अक्षरशः निराश्रित होऊन भटकला. 1511 साली तिसऱ्यांदा समरकंद हाती आले आणि 1512 मध्ये कायमचे गेले. जन्मभूमीकडे परतण्याची वाट अशा रीतीने बंद झाली.

दरम्यान 1504 साली त्याने काबूल घेतले होते. येथे, एकविसाव्या वर्षी, त्याला पाय टेकण्यास जागा मिळाली. आणि येथेच त्याच्यातील माळी जागा झाला. काबूलच्या आसमंतात द्राक्षे, डाळिंबे, जर्दाळू, अक्रोड, बदाम यांची मुळीच वाण नव्हती. तरी जे नव्हते तेही त्याला हवेसे वाटले. आलूबालू नावाचे आंबट चेरीचे एक झाड असते. बाबराने त्याच्या लावणीचे फाटे बाहेरून आणवून काबूलच्या परिसरात लावले. ते रुजले आणि चांगले वाढले, ही गोष्ट त्याने मोठ्या समाधानाने लिहून ठेवली आहे. लढायांच्या धामधुमीत ही एवढीशी नोंद सहज नजरेआड होईल. परंतु आम्हांस ती फार बोलकी वाटते. जो मनुष्य उद्या येथे असू की नसू या चिंतेत असतो, तो फळझाड लावीत नाही. फाटा जमिनीत खोवणे म्हणजे येथे राहावयाचे असे ठरविणे होय.

येथे आम्ही क्षणभर थांबून फाट्याचे गूढ काय ते सांगतो. फळातील बी पेरले असता उगवणारे झाड आईसारखे असेलच असे नाही. बी हे दोन कुळांच्या संयोगातून झालेले असते. गोड डाळिंबाच्या बियांतून आंबट डाळिंबही निघू शकते. परंतु फांदीचा तुकडा लावला, तर त्यातून वाढणारे झाड हे त्या मूळ झाडाचेच अंग असते. तीच चव, तोच रंग, तोच गुण. शिवाय बियांच्या रोपापेक्षा ते लवकर फळावर येते. द्राक्ष, अंजीर व डाळिंब यांची पक्व काडी अशी सहज रुजते. आंब्याची फांदी मात्र नुसती खोवून सहसा रुजत नाही, म्हणून तिला दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधावे लागते. मनुष्याला आपल्या गावचे फळ जसेच्या तसे परगावी न्यावयाचे असेल, तर शास्त्राने त्याला हा एक मोठा आधार दिलेला आहे.

काबूलच्या उत्तरेस इस्तालिफ नावाचे रम्य गाव आहे. तेथे एक मोठी बाग होती. बाबराच्या पूर्वीचा राज्यकर्ता उलुगबेग मिर्झा याने ती मूळ मालकांकडून बळाने घेतली होती. बाबराने मालकांना तिची किंमत चुकती केली आणि मगच ती आपली म्हटली. बागेमधून एक ओढा वेडावाकडा वाहत असे. तो त्याने सरळ रेषेत बांधून घेतला, आणि त्या स्थळाला मोठी शोभा आली. ज्याने राज्येच्या राज्ये तलवारीने घेतली, त्याला बाग मात्र मोल देऊन घ्यावीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे आजच्या जलालाबादजवळ, आदिनापूर येथे, 1508-09 च्या सुमारास त्याने 'बाग-इ-वफा' ही बाग रचली. वफा म्हणजे निष्ठा. चार भागांत विभागलेली, मधोमध पाणी खेळविलेली अशी ही बाग नारिंगे आणि डाळिंबे यांनी लवून जात असे. 1524 साली लाहोर व दीपालपूरच्या स्वारीनंतर बाबराने हिंदुस्थानातून केळी नेऊन तेथे लावली. ती उत्तम वाढली. त्याच्या आधीच्या वर्षी त्याने तेथे ऊस लावला होता. तोही इतका चांगला आला की, त्यातील काही बाबराने बदक्षान व बुखारा येथे पाठविला. केळीला आपल्या खाण्यातील जातीत रुजण्याजोगे बी नसते. तिचा मुनवाच काढून लावावा लागतो. ऊसही टिपरी करून, डोळा वर-बाजूस ठेवून लावतात. म्हणजे हाही सारा कलमांचाच व्यवहार. आमच्या ऊसकरी शेतकऱ्यांना हे बेणे परिचित आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ते एका राजाच्या आज्ञेने खैबरची घाटवाट ओलांडून गेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

एप्रिल 1526 मध्ये पानिपतच्या रणांगणावर बाबराने इब्राहीम लोदीचा पराभव केला आणि दिल्ली-आग्रा हस्तगत केले. पुढच्या वर्षी खानव्याच्या लढाईत राणा संग यांच्यासारख्या पराक्रमी वीरावर त्याने जय मिळविला, आणि 1528 मध्ये चंदेरी घेतली. या युद्धांत क्रौर्यही पुष्कळ झाले. शत्रूंच्या शिरांचे मनोरे रचल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे. फुलाफळांवर प्रेम करणारा हात माणसांच्या बाबतीत नेहमीच कोमल असतो असे नाही. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. गुण तेथे गुण म्हणावे, आणि दोष तेथे दोष.

विजयी बाबर आग्र्यास आला तो भर उन्हाळ्यात. उष्मा, लू आणि धूळ यांनी त्याचे सैनिक हैराण झाले. आता लूट मिळाली, काबूलला परत चला, असा त्यांनी घोष लाविला. ख्वाजा कलाँ हा त्याचा जिवलग सरदार तर खरोखरच निघून गेला. बाबरालाही हा देश प्रथमदर्शनी आवडला नाही. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, वाहते पाणी असलेल्या आखीव बागा नाहीत, अशी त्याने मोठी तक्रार लिहून ठेवली. तरीपण तो परत गेला नाही. तक्रार लिहिणाऱ्याच माणसाने यमुनेच्या पैलतीरी बागेसाठी जागा पाहण्यास आरंभ केला. पाहिलेली जागा इतकी उजाड होती की त्याचे मन विटले. परंतु दुसरी जागाच नव्हती. मग त्याने आधी विहीर खणविली, नंतर हौद, नंतर स्नानगृह, आणि हळूहळू तेथे फुलझाडांचे ताटवे उभे राहिले. अशी आखीव बाग पूर्वी न पाहिलेले तेथील लोक यमुनेच्या त्या काठाला काबूल म्हणू लागले. आपल्या गावापासून इतक्या दूर आलेल्या माणसाच्या कानाला ते नाव किती गोड लागले असेल!

त्याने येथील फळांचीही बारकाईने ओळख करून घेतली. आंबा, केळ, फणस, जांभूळ, चिंच, करवंद, नाना जातींची लिंबे. प्रत्येकाचे पान, फूल, चव आणि खाण्याची रीत त्याने टिपली. आंबा चांगला निघाला तर फारच चांगला, परंतु तसा क्वचित निघतो, असे त्याचे मत पडले. कोय लावून वाढलेल्या रायवळ आंब्यांत जो चाखून पाहील, त्याला या मताचा अर्थ कळेल.

मनातून काबूल मात्र गेले नाही. फेब्रुवारी 1529 मध्ये त्याने ख्वाजा कलाँला एक पत्र लिहिले. राज्यकारभाराच्या सूचना देता देता काबूलच्या बागेत उत्तम रोपे लावावी, ती ओळीने लावावी, कडेने फुलझाडे असावी, अशा सूचना त्याने केल्या. त्याच पत्रात एक विलक्षण कबुली आहे. थोड्याच दिवसांपूर्वी कोणी त्याला एक खरबूज आणून दिले होते. ते कापून खाताना त्या बादशहाच्या डोळ्यांना धारा लागल्या. पानिपत आणि खानवा जिंकणारा वीर एका फळापुढे हरला.

परंतु रडून तो स्वस्थ बसला नाही. बल्ख येथील एका खरबुजांच्या माळ्याला त्याने आग्र्याच्या 'हश्त-बिहिश्त' या बागेत कामास लावले, आणि तेथेच द्राक्षाच्या वेलीही लावविल्या. 1529 च्या उन्हाळ्यात त्या बागेतील लहान परंतु गोड खरबुजे त्याच्यापुढे आली. वेलींनाही चांगली द्राक्षे लागली. ज्या भूमीत ही फळे नाहीत म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी हळहळ केली होती, तेथे ती पिकलेली पाहून त्याला परम संतोष झाला. तक्रारीचे उत्तर त्याने फावड्याने दिले. आमच्या मते त्याच्या सर्व विजयांत हा विजय अधिक निर्मळ होता. कारण यात कोणाचेही काही गेले नाही.

त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. 26 डिसेंबर 1530 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आग्रा येथे त्याचा अंत झाला. प्रथम यमुनाकाठच्या बागेत त्याचे दफन झाले. पुढे काही वर्षांनी त्याचे अवशेष काबूलला नेऊन डोंगराच्या उतारावरील त्याच्या आवडत्या बागेत ठेवण्यात आले. तलवारीने मिळविलेले राज्य त्याचा पुत्र हुमायून याच्या हातून 1540 साली निसटले. ते परत मिळविण्यास पंधरा वर्षे लागली. काबूलची ती बाग मात्र शतके लोटली तरी टिकून राहिली. 1990 नंतरच्या यादवी युद्धात तिचीही दुर्दशा झाली, झाडे गेली, पाणी आटले. परंतु 2002 नंतर आगाखान न्यासाने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. पुन्हा पाट वाहू लागले, पुन्हा जर्दाळू, अक्रोड लागले, आणि त्यांच्याबरोबर बाबराची ती आलूबालूही पुन्हा लावण्यात आली.

हे झाले एका कलमाचे. आता दुसरे. बाबराने आपले आत्मचरित्र चघताई तुर्की भाषेत, म्हणजे आपल्या मातृभाषेत लिहिले. 1589 साली अकबराच्या आज्ञेवरून अब्दुर्रहीम खानखानान याने त्याचे फारसी भाषांतर केले, आणि चित्रकारांनी बाग-इ-वफाची आखणी करून घेणारा बाबर रंगविला. भाषांतर दूरवर गेले, मूळ तुर्की ग्रंथ मात्र मागे पडला. त्याच्या पूर्ण प्रती दुर्मिळ झाल्या. युरोपातील पंडित त्या मूळ ग्रंथाच्या शोधात होते. अखेर जी सर्वांत विश्वसनीय व सर्वांत पूर्ण अशी हस्तलिखित प्रत सापडली, ती ना समरकंदला, ना काबूलला, ना आग्र्याला. ती सापडली आमच्या हैदराबादेत, सालारजंग घराण्याच्या ग्रंथसंग्रहात. ॲनेट बेव्हरिज या विदुषीने 1905 साली तिची छायाप्रत प्रसिद्ध केली आणि तिच्याच आधारे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले; ते 1922 साली पूर्ण ग्रंथरूपाने बाहेर आले. जगातील विद्वान आजही त्या हस्तलिखिताला हैदराबादची प्रत म्हणून ओळखतात. फरगान्यात जन्मलेली लेखणी अशी मुसी नदीच्या काठी येऊन रुजली होती. एका कोणा अज्ञात लेखकुने अक्षरास अक्षर लावून ती प्रत उतरविली, म्हणून मूळ ग्रंथ वाचला. हेही कलमच नव्हे काय?

आणि फळाच्या बाबतीतही आमचे शहर मागे नाही. सुमारे 1890 साली अब्दुल बाकर खान यांनी हैदराबादेत एका द्राक्षाची लागवड केली. टपोरे, पिवळसर हिरवे, लांबट मण्यांचे हे द्राक्ष 'अनाब-ए-शाही' या नावाने प्रसिद्धीस आले. त्या द्राक्षाच्या काड्या एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हैदराबादची द्राक्षे म्हणून ती सर्व दक्षिणेत वाखाणली गेली. पुढे शहर वाढले, मळ्यांच्या जागी घरे आली, बिनबियांच्या जाती पुढे सरसावल्या. तरी परसातील एखाद्या मांडवावर वेल अजून तग धरून असते. आणि जोवर तिची एक काडी कोणी लावीत आहे, तोवर ती जात नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही.

म्हणून आमची बालवाचकांना विनंती आहे की, यंदा छाटणीच्या दिवसांत त्यांनी एक काडी मागून आणावी. ती सुमारे एक वीत लांब असावी. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यावा आणि वरचा छेद डोळ्याच्या थोडा वर, तिरपा घ्यावा. म्हणजे पाणीही ओघळून जाते आणि वर कोणते, खाली कोणते, हेही विसरत नाही. आम्ही लहानपणी प्रथम लावलेल्या काड्या उलट्या खोवल्या होत्या आणि त्या सर्व वाळल्या, म्हणून ही सूचना आम्ही आग्रहाने करीत आहोत. पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात तिचे दोन डोळे मातीखाली जातील अशी ती लावावी, सावलीत ठेवावी, माती ओलसर राखावी, परंतु चिखल होऊ देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूळ फुटले की नाही हे पाहण्यासाठी ती रोज उपटू नये.

विद्यानगरातील पुष्कळ मराठी कुटुंबे कधी ना कधी दुसऱ्या गावाहून येथे आलेली आहेत. कोणी बीडहून, कोणी नांदेडहून, कोणी सोलापुराकडून. प्रत्येक घरातील आजीला आपल्या गावच्या कोणत्या तरी फळाची चव आठवत असते, आणि तिची आठवण ऐकताना नातवंडांना ती गोष्ट फार दूरची वाटते. मुलांनो, पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्या अंजिराची किंवा डाळिंबाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. एका कलमाने ती परसात लावा, आणि दुसऱ्या कलमाने ती कोठली, कोणाच्या अंगणातली, कोणत्या वर्षी लावली, हे वहीत लिहून ठेवा. राज्ये मिळविणे सर्वांच्या नशिबी नसते आणि त्याची गरजही नाही. परंतु ही दोन कलमे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहेत.